रेणूंची ध्रुवीयता आणि संयुगांचे उत्कलनांक : एका कल्पनेचा इतिहास

सारांश

'ध्रुवीय संयुगांचे उत्कलनांक अध्रुवीय संयुगांपेक्षा अधिक असतात' हे विधान पदवी वर्गांत नियम म्हणून शिकविले जाते. प्रस्तुत निबंधात या विधानाची १८४२ पासूनची जडणघडण ऐतिहासिक क्रमाने तपासली आहे. कोप, ट्राउटन, व्हॅन डर वाल्स, डिबाय, केसोम, लंडन आणि पॉलिंग यांच्या कार्याच्या आधारे असे दाखविले आहे की, ध्रुवीयतेची कल्पना उत्कलनांकाचे सर्वसाधारण स्पष्टीकरण म्हणून पुढे आली. परंतु १९३० नंतर तिला अनेक कारणांपैकी एक कारण एवढेच स्थान उरले. अध्यापनात मात्र ती आजही बहुधा १९२० च्या सुमारास होती त्याच स्वरूपात मांडली जाते.

बीजसंज्ञा : उत्कलनांक, ध्रुवीयता, द्विध्रुव परिबल, अपस्करण बल, हायड्रोजन बंध.

प्रस्तावना

द्रव उकळतो तेव्हा रेणूंच्या अंतर्गत असलेले अणूंमधील बंध तुटत नाहीत. रेणू एकमेकांपासून विलग होतात. म्हणून उत्कलनांक हे रेणूरेणूंमधील आकर्षणाचे सर्वांत सुलभ मोजमाप ठरते. प्रयोगशाळेत एक तापमापी आणि ऊर्ध्वपातनाचे साधे उपकरण असले की ते मिळते. रसायनशास्त्रात इतक्या साध्या मापनातून इतका मूलभूत प्रश्न उभा राहिल्याची उदाहरणे फार थोडी आहेत. रेणू एकमेकांना का धरून ठेवतात, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाचे प्रचलित उत्तर 'ध्रुवीयतेमुळे' असे आहे. ते चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. हायड्रोजन क्लोराइड, हायड्रोजन ब्रोमाइड आणि हायड्रोजन आयोडाइड या तीन संयुगांची द्विध्रुव परिबले अनुक्रमे सुमारे १.०८, ०.८२ आणि ०.४४ डिबाय आहेत. म्हणजे ध्रुवीयता क्रमाने घटते. त्यांचे उत्कलनांक मात्र सुमारे −८५, −६७ आणि −३५ अंश सेल्सिअस आहेत; म्हणजे ते क्रमाने वाढतात. नियम आणि वस्तुस्थिती यांच्यातील ही विसंगती नवी नाही. ती कशी लक्षात आली आणि तिच्यातून कोणता सिद्धांत घडला, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

१. आकड्यांतील नियमिततेचा शोध

उत्कलनांक ही पदार्थाची ओळख आहे, ही जाणीव अठराव्या शतकातच स्थिरावली होती. फॅरनहाइट यांनी १७२४ मध्ये काही द्रवांचे उत्कलनांक प्रसिद्ध केले होते. तथापि, उत्कलनांकाचा रेणूच्या घटनेशी संबंध जोडण्याचा पद्धतशीर प्रयत्न जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मान कोप यांनी केला. १८४२ मध्ये त्यांनी असे मांडले की, समजातीय श्रेणीतील एका संयुगाकडून पुढील संयुगाकडे जाताना, म्हणजे एक कार्बन आणि दोन हायड्रोजन अणूंची भर पडताना, उत्कलनांक जवळजवळ ठराविक प्रमाणात वाढतो. अल्कोहोले आणि कार्बनी आम्ले यांच्या बाबतीत ही वाढ सुमारे १८ ते १९ अंश असल्याचे त्यांना आढळले.

कोप यांचा नियम त्यांच्या हाती असलेल्या संयुगांपुरता उपयुक्त होता. पुढे अधिक संयुगे शुद्ध स्वरूपात उपलब्ध झाली, तेव्हा त्याच्या मर्यादा उघड झाल्या. मिथेन −१६१.५ अंशांना उकळतो, तर ईथेन −८९ अंशांना. हा फरक सुमारे ७२ अंशांचा आहे. पेंटेन (३६ अंश) आणि हेक्झेन (६९ अंश) यांच्यातील फरक मात्र केवळ ३३ अंशांचा आहे. समान भर पडूनही परिणाम समान नव्हता. असे असले, तरी कोप यांनी एक गोष्ट प्रस्थापित केली. उत्कलनांक हा यादृच्छिक आकडा नसून त्यामागे रेणूच्या घटनेचा हात आहे, ही ती गोष्ट होय. या टप्प्यावर ध्रुवीयतेचा विचार कोठेही नव्हता. रेणूचा आकार आणि वस्तुमान एवढेच निकष होते.

१८८४ मध्ये आयर्लंडमधील फ्रेडरिक ट्राउटन यांनी दुसरी नियमितता मांडली. एक मोल द्रवाचे बाष्प होण्यासाठी लागणाऱ्या उष्म्यास निरपेक्ष मापनातील उत्कलनांकाने भागले असता, बहुतेक द्रवांसाठी जवळजवळ एकच संख्या मिळते. आजच्या एककांत ती सुमारे ८५ ते ८८ जूल प्रति केल्विन प्रति मोल इतकी आहे. या नियमाचे खरे महत्त्व त्याच्या अपवादांत होते. पाणी आणि इथाइल अल्कोहोल यांच्यासाठी ही संख्या ११० च्या आसपास येते, तर अॅसेटिक आम्लासाठी ती ६० च्या आसपासच राहते. पाण्याचे रेणू द्रवात एकमेकांशी अपेक्षेपेक्षा अधिक सुसंघटित असले पाहिजेत, आणि अॅसेटिक आम्लाचे रेणू बाष्पातही जोडीने वावरत असले पाहिजेत, असा या अपवादांचा अर्थ पुढे लावण्यात आला. विल्यम रॅम्झी आणि जॉन शील्ड्स यांनी १८९३ मध्ये पृष्ठताणाच्या मापनांवरून हेच अनुमान काढले व द्रवांचे 'सामान्य' आणि 'संघटित' असे दोन वर्ग रूढ झाले. पाणी व अल्कोहोले दुसऱ्या वर्गात गेली. ती तेथे का गेली, याचे उत्तर मात्र त्या काळी कोणाकडेच नव्हते.

२. व्हॅन डर वाल्स आणि आकर्षणाचा अनुत्तरित प्रश्न

१८७३ मध्ये योहानेस डिडेरिक व्हॅन डर वाल्स यांनी लायडन विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात वायू आणि द्रव या दोन अवस्थांची सलगता मांडली. त्यांच्या समीकरणात दोन स्थिरांक आहेत : एक रेणूंनी व्यापलेल्या जागेचा आणि दुसरा त्यांच्यातील आकर्षणाचा. आकर्षणाचा स्थिरांक मोठा असेल, तर वायू सहज द्रवरूप होतो. या समीकरणाने आकर्षण किती आहे ते सांगितले. ते का आहे, हे सांगितले नाही. या कार्यासाठी त्यांना १९१० चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हाही आकर्षणाचे मूळ अज्ञातच होते.

दरम्यान वायूंच्या द्रवीकरणाच्या प्रयोगांनी या प्रश्नाची धार वाढविली होती. फॅरेडे यांना जे वायू द्रवरूप करता आले नाहीत, ते 'स्थायी वायू' म्हणून ओळखले जात. १८७७ मध्ये कायेते आणि पिक्ते यांनी ऑक्सिजनचे, १८९८ मध्ये ड्यूअर यांनी हायड्रोजनचे आणि १९०८ मध्ये लायडन येथे कॅमरलिंग ओनेस यांनी हेलियमचे द्रवीकरण साधले. हेलियम सुमारे −२६९ अंशांना उकळतो. त्याचा एकाकी अणू रासायनिक दृष्ट्या निष्क्रिय असूनही त्याचा द्रव बनतो, याचा अर्थ त्याच्या अणूंमध्येही काही आकर्षण आहे. निऑन −२४६, आर्गॉन −१८६, क्रिप्टॉन −१५३ आणि झेनॉन −१०८ अंशांना उकळतात. आकर्षणाचा कोणताही सिद्धांत या चढत्या क्रमाचे स्पष्टीकरण देऊ शकला पाहिजे, ही अट अशा रीतीने प्रयोगांनीच घालून दिली.

३. ध्रुवीयतेचा उदय

१९१२ मध्ये पीटर डिबाय यांनी असे प्रतिपादन केले की, काही रेणूंमध्ये धन आणि ऋण विद्युत् प्रभारांची केंद्रे कायमची अलग असतात. असा रेणू हा एक सूक्ष्म द्विध्रुव असतो. विद्युत् क्षेत्रात हे द्विध्रुव क्षेत्राच्या दिशेने वळू पाहतात आणि उष्णतेमुळे होणारी त्यांची इतस्ततः हालचाल त्यास विरोध करते. त्यामुळे ध्रुवीय पदार्थाचा विद्युत् अपारक स्थिरांक तापमानानुसार बदलतो. या बदलाच्या मापनावरून रेणूचे द्विध्रुव परिबल काढता येऊ लागले. ध्रुवीयता ही अशा प्रकारे मोजता येणारी राशी बनली आणि पुढे तिच्या एककास 'डिबाय' हेच नाव मिळाले. १९३६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक डिबाय यांना देताना द्विध्रुव परिबलांवरील संशोधनाचा उल्लेख करण्यात आला.

रसायनशास्त्रज्ञांच्या बाजूने हीच कल्पना गिल्बर्ट न्यूटन लुईस यांनी स्वतंत्रपणे विकसित केली. १९१६ च्या आपल्या सुप्रसिद्ध शोधनिबंधात त्यांनी इलेक्ट्रॉन युग्माची कल्पना मांडली. त्याच निबंधात त्यांनी ध्रुवीय आणि अध्रुवीय संयुगांच्या गुणधर्मांची तुलनाही केली. रेणूंचे संघटन हा त्यांनी ध्रुवीय द्रवांचा एक विशेष मानला. ट्राउटन आणि रॅम्झी यांचे 'अपवाद' आता एका नावाखाली आले.

आकर्षणाचा दुवा लायडनच्याच विलेम हेन्ड्रिक केसोम यांनी जोडला. दोन द्विध्रुव एकमेकांसमोर सर्व दिशांनी फिरत असले, तरी आकर्षणास अनुकूल अशा स्थितींत ते थोडा अधिक काळ राहतात. म्हणून सरासरीने आकर्षण शिल्लक राहते, असे त्यांनी १९२१ पर्यंतच्या आपल्या निबंधांत गणिताने दाखविले. हे 'दिशानुवर्ती' आकर्षण द्विध्रुव परिबलाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. 'ध्रुवीयता अधिक, म्हणून उत्कलनांक अधिक' या विधानाचे सैद्धांतिक जन्मस्थान येथे आहे.

या विधानास पुष्टी देणारी उदाहरणे विपुल आहेत. ब्युटेन आणि अॅसिटोन यांचे रेणुवस्तुमान ५८ च आहे. परंतु अध्रुवीय ब्युटेन −०.५ अंशांना, तर २.८८ डिबाय परिबल असलेले अॅसिटोन ५६ अंशांना उकळते. डायक्लोरोएथिलीनच्या समपक्ष आणि विपक्ष या दोन समघटकांत अणू तेच, बंधही तेच. केवळ मांडणी वेगळी आहे. समपक्ष रूपाचे परिबल सुमारे १.९ डिबाय असून ते ६० अंशांना उकळते. विपक्ष रूपाचे परिबल शून्य असून ते सुमारे ४८ अंशांना उकळते. ध्रुवीयतेचा परिणाम इतर सर्व घटकांपासून वेगळा काढून दाखविणारे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण आहे. त्याच वेळी, हा परिणाम केवळ बारा अंशांचा आहे, हेही लक्षात घेणे आवश्यक आहे.

४. सिद्धांताची कोंडी आणि लंडन यांचे उत्तर

केसोम यांच्या सिद्धांतापुढे दोन अडचणी होत्या. पहिली अडचण डिबाय यांनी १९२० मध्येच दाखवून दिली. दिशानुवर्ती आकर्षण तापमान वाढताच झपाट्याने घटले पाहिजे. प्रत्यक्षात वायूंमधील आकर्षण उच्च तापमानासही टिकून राहते. यावर उपाय म्हणून डिबाय यांनी प्रवर्तित द्विध्रुवाची कल्पना मांडली. एका रेणूचे विद्युत् क्षेत्र शेजारच्या रेणूतील इलेक्ट्रॉन थोडे सरकविते आणि त्यातून आकर्षण निर्माण होते. तथापि, यासाठीही पहिल्या रेणूत प्रभारांची काही कायम असमानता असणे आवश्यक होते. द्विध्रुव नसलेल्या हायड्रोजन व नायट्रोजनसारख्या रेणूंसाठी चतुर्ध्रुव गृहीत धरण्यात आले.

दुसरी अडचण निष्क्रिय वायूंची होती व ती दुर्लंघ्य ठरली. पुंजयामिकीच्या उदयानंतर हे स्पष्ट झाले की, निष्क्रिय वायूंच्या अणूंतील प्रभारवाटप संपूर्ण गोलाकार सममित असते. तेथे द्विध्रुव नाही, चतुर्ध्रुवही नाही. मग झेनॉन हेलियमपेक्षा दीडशेहून अधिक अंश वर का उकळतो?

या प्रश्नाचे उत्तर १९३० मध्ये बर्लिन येथे फ्रिट्झ लंडन यांनी दिले. आरंभीच्या निबंधात रॉबर्ट आयझेनशिट्झ त्यांचे सहलेखक होते. अणूतील प्रभारवाटप सरासरीने सममित असले, तरी इलेक्ट्रॉनांच्या गतीमुळे प्रत्येक क्षणी एक क्षणिक द्विध्रुव अस्तित्वात असतो. शेजारच्या अणूतील क्षणिक द्विध्रुव त्याच्याशी सुसंगत होतात आणि परिणामी आकर्षण निर्माण होते. प्रकाशाच्या अपस्करणाच्या सूत्रात येणाऱ्या राशीच या सिद्धांतात येत असल्यामुळे लंडन यांनी यास अपस्करण परिणाम म्हटले. हे आकर्षण तापमानावर फारसे अवलंबून नसते, सर्व रेणूंमध्ये असते, आणि रेणूतील इलेक्ट्रॉन जितके अधिक व जितके सैल बांधलेले, तितके ते प्रबळ असते. हेलियमपासून झेनॉनपर्यंतचा चढता क्रम यातून आपोआप निष्पन्न होतो.

१९३३ मध्ये नाझी राजवटीच्या कायद्यांमुळे ज्यूवंशीय लंडन यांना बर्लिन सोडावे लागले. ऑक्सफर्ड आणि पॅरिस येथे काही वर्षे काढून १९३९ मध्ये ते अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात स्थिरावले. या भटकंतीच्या काळातच, १९३७ मध्ये, त्यांनी रेणवीय बलांचा एक समग्र आढावा इंग्रजीत प्रसिद्ध केला. त्यात दिशानुवर्ती, प्रवर्तित आणि अपस्करण या तिन्ही आकर्षणांचे सापेक्ष प्रमाण संयुगनिहाय दिले होते. हायड्रोजन आयोडाइडच्या बाबतीत हे आकडे अनुक्रमे ०.३५, १.६८ आणि ३८२ असे होते. हायड्रोजन क्लोराइडच्या बाबतीत १८.६, ५.४ आणि १०५. आणि पाण्याच्या बाबतीत १९०, १० आणि ४७. हायड्रोजन क्लोराइडसारख्या निःसंशय ध्रुवीय संयुगातही स्थायी द्विध्रुवांचा वाटा सुमारे १४ टक्केच होता. अपस्करणाचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक होता. प्रस्तावनेत नमूद केलेली विसंगती या आकड्यांतून उलगडते. क्लोरीनकडून आयोडीनकडे जाताना ध्रुवीयतेत होणारी घट ही इलेक्ट्रॉनांच्या वाढीपुढे नगण्य ठरते.

मिथेनच्या क्लोरीनयुक्त संयुगांतही हेच दिसते. मिथाइल क्लोराइड (सुमारे १.९ डिबाय) −२४ अंशांना, मिथिलीन क्लोराइड (१.६ डिबाय) ४० अंशांना, क्लोरोफॉर्म (सुमारे १ डिबाय) ६१ अंशांना आणि संपूर्ण अध्रुवीय कार्बन टेट्राक्लोराइड ७७ अंशांना उकळते. ध्रुवीयतेच्या नियमावर विसंबून या चार संयुगांचा क्रम लावणारा विद्यार्थी तो नेमका उलट लावील.

५. हायड्रोजन बंध : ध्रुवीयतेच्या पलीकडे

लंडन यांच्या आकड्यांत पाणी वेगळे उठून दिसते. तेथे दिशानुवर्ती आकर्षणाचा वाटा तीन चतुर्थांशांहून अधिक आहे. परंतु पाण्याचे स्पष्टीकरण एवढ्याने पूर्ण होत नाही. हायड्रोजन फ्लुओराइड आणि पाणी यांची द्विध्रुव परिबले जवळजवळ समान, सुमारे १.८३ व १.८५ डिबाय आहेत. पहिले संयुग १९.५ अंशांना आणि दुसरे १०० अंशांना उकळते. समान ध्रुवीयतेतून ऐंशी अंशांचा फरक कसा निर्माण व्हावा?

याचे उत्तर देणारी कल्पना लंडन यांच्यापूर्वीच, १९२० मध्ये, बर्कली येथील वेन्डेल लॅटिमर आणि वर्थ रोडेबुश यांनी मांडली होती. लुईस यांच्याच प्रयोगशाळेतील मॉरिस हगिन्स यांच्या अप्रकाशित विचारांचा उल्लेखही त्यांनी केला होता. एका रेणूतील हायड्रोजन दुसऱ्या रेणूतील ऑक्सिजनच्या मोकळ्या इलेक्ट्रॉन युग्माशी दुर्बल पण निश्चित दिशेचा बंध साधू शकतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. पाण्याच्या रेणूत दोन हायड्रोजन आणि दोन मोकळी युग्मे असल्याने तो चार शेजाऱ्यांशी बांधला जाऊ शकतो. हायड्रोजन फ्लुओराइडमध्ये हायड्रोजन एकच असल्याने त्याच्या साखळ्या बनतात, जाळे बनत नाही. शिवाय त्याच्या बाष्पातही रेणू काही अंशी संघटितच राहतात. १९३३ मध्ये बर्नाल आणि फाउलर यांनी पाण्याच्या द्रवरूपातील चतुष्फलकीय मांडणीचे चित्र पुढे आणले. १९३९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी रासायनिक बंधावरील आपल्या ग्रंथात हायड्राइडांच्या उत्कलनांकांचा प्रसिद्ध आलेख दिला. हायड्रोजन टेल्युराइड −२, सेलेनाइड −४१, सल्फाइड −६० असा उतरता क्रम पुढे वाढविल्यास पाणी शून्याखाली ऐंशी अंशांच्या आसपास उकळावयास हवे होते. प्रत्यक्ष उत्कलनांक त्याहून सुमारे १८० अंश वर आहे. पृथ्वीवर समुद्र आणि नद्या द्रवरूपात वाहतात, त्याचे कारण या फरकात आहे.

हायड्रोजन बंध ही केवळ टोकाची ध्रुवीयता आहे की त्यात सहसंयुजतेचाही अंश आहे, हा वाद दीर्घकाळ चालला. आंतरराष्ट्रीय शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्र संघाने या प्रश्नाच्या पुनर्विचारासाठी नेमलेल्या कृतिगटाचे नेतृत्व करणाऱ्यांत बंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेचे ई. अरुणन हे होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या व्याख्येत हायड्रोजन बंधामागे स्थिरविद्युत् आकर्षण, अंशतः सहसंयुज स्वरूप आणि अपस्करण या तिन्हींचा सहभाग मान्य करण्यात आला. कोप यांच्यापासून सुरू झालेला शोध एका कारणावर नव्हे, तर कारणांच्या समुच्चयावर येऊन ठेपला.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, उत्कलनांकाच्या अभ्यासात प्रत्येक नवा सिद्धांत पूर्वीच्या नियमाच्या अपवादांतून जन्मास आला. ट्राउटन यांच्या अपवादांतून संघटित द्रवांची कल्पना दृढ झाली, निष्क्रिय वायूंच्या अपवादातून अपस्करण बल, आणि पाण्याच्या अपवादातून हायड्रोजन बंध. दुसरा, रेणूंचे आकारमान, इलेक्ट्रॉनांची संख्या आणि आकृती ही तुल्य असतील, तेव्हाच ध्रुवीयतेवरून उत्कलनांकांची तुलना करणे योग्य ठरते. ब्युटेन व अॅसिटोन ही जोडी अशा तुलनेस पात्र आहे. क्लोरोफॉर्म व कार्बन टेट्राक्लोराइड ही जोडी नाही. तिसरा, सर्व रेणूंत आढळणारे आणि बहुसंख्य संयुगांत सर्वाधिक वाटा उचलणारे आकर्षण हे अपस्करणाचे आहे. अध्यापनात मात्र त्यास बहुधा 'दुर्बल बल' असे संबोधून शेवटचे स्थान दिले जाते.

हा क्रम बदलण्यासाठी नवा अभ्यासक्रम लागत नाही. हायड्रोजन हॅलाइडांचे आणि मिथेनच्या क्लोरीनयुक्त संयुगांचे उत्कलनांक, त्यांच्या द्विध्रुव परिबलांसह, फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना आधी क्रमाचे भाकीत करावयास सांगितले, तरी पुरेसे आहे. भाकीत चुकते तेथून १९१२ ते १९३७ या पंचवीस वर्षांचा इतिहास सुरू होतो. तो सांगितला गेला, तर नियमाबरोबर त्याची मर्यादाही विद्यार्थ्यांच्या हाती येते. आणि मर्यादा ठाऊक असलेला नियमच पुढील अभ्यासास उपयोगी पडतो.